पडद्यामागचा कामगार : व्हीएफएक्सचं काम, जादा तास आणि उद्याची धास्ती



मागच्या पावसाळ्यात शाळा सुटताना एक माऊली मला भेटायला आल्या. त्यांचा मुलगा माझ्याकडे चौथीपर्यंत होता. वहीच्या मागच्या पानावर बैल, ट्रॅक्टर, गणपती असं काहीबाही काढत बसायचा, आणि काढायचा मात्र झकास. आता तो बारावी झालाय. माऊलींच्या हातात एक रंगीत माहितीपत्रक होतं. त्यावर ड्रॅगन, उडती गाडी आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असं मोठ्ठं लिहिलेलं.

त्या म्हणाल्या, “मॅडम, पोरगं म्हणतंय व्हीएफएक्स का काय ते शिकतो. दीड लाख फी हाय. बचत गटातनं उचलू का? तुमी सांगाल तसं करू.”

मला तेव्हा ठाम सांगता आलं नाही. “आठ दिवसांनी या, मी माहिती काढते,” एवढंच म्हटलं. मग वाचत गेले, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलले. तो हेच काम करतो. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. तुमच्याही घरात किंवा वर्गात असं एखादं चित्र काढणारं मूल असेल, तर हा पाठ त्याच्यासाठी आहे असं समजा.

१) आधी समजून घेऊ : व्हीएफएक्स म्हणजे काय?

व्हीएफएक्स म्हणजे दृश्य-परिणाम. कॅमेऱ्याने जे टिपलं नाही, किंवा टिपणं शक्यच नव्हतं, ते नंतर चित्रात घालायचं. पूर, वाघ, कोसळणारी इमारत हे तर झालंच. पण नटाला बांधलेली दोरी पुसणं, रस्त्यावरच्या विजेच्या तारा काढून टाकणं, मागचं आभाळ बदलणं हेसुद्धा व्हीएफएक्सच.

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. आता गणित करा. पाच सेकंदांचा एक शॉट म्हणजे १२० फ्रेम. त्यात एक बाई केस मोकळे सोडून धावते आहे आणि तिच्या मागचं गाव काढून तिथे समुद्र घालायचाय. मग त्या बाईची बाह्यरेषा, केसांसकट, बोटांसकट, कापून वेगळी करावी लागते. याला रोटो म्हणतात. काही फ्रेमवर रेषा हाताने मारायची, मधल्या फ्रेम संगणक भरतो, आणि संगणकाने चुकवलेल्या पुन्हा हाताने दुरुस्त करायच्या. नको त्या वस्तू पुसण्याच्या कामाला पेंट म्हणतात. कॅमेरा कसा हलला ते मोजून संगणकात तसाच कॅमेरा हलवायचा, ते मॅचमूव्ह. परदेशी सिनेमांचं यातलं बरंच काम भारतात होतं. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई इथे बसून आपली पोरं हॉलिवूडच्या सिनेमातल्या तारा पुसत असतात.

मराठी माणसाला ही किमया नवी नाही हं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे एकेक चित्र टिपत छोटा चित्रपट केला होता. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांनी ट्रिक फोटोग्राफी वापरली. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचं सगळं बघून, युनिटच्या माणसांचा स्वयंपाक करून, रात्री फिल्मला भोकं पाडायचं काम करत. म्हणजे पडद्यावर न दिसणारे कष्ट तेव्हाही होतेच.

२) एका वाघाची गोष्ट

‘लाइफ ऑफ पाय’ हा २०१२ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पाँडिचेरीचा एक मुलगा समुद्रात एका होडीत अडकतो, सोबत रिचर्ड पार्कर नावाचा वाघ. काही शॉटमध्ये खरे वाघ आहेत, पण बहुतेक ठिकाणी तो वाघ संगणकावर केलेला आहे. त्याचा ओला केस, श्वासाने हलणारं पोट, भुकेने खपाटीला गेलेल्या बरगड्या, सगळं माणसांनी बसून केलं. वाघाचं काम मुख्यतः रिदम अँड ह्यूज नावाच्या कंपनीने केलं. ही लॉस एंजेलिसकडची, १९८७ साली सुरू झालेली कंपनी. तिचे स्टुडिओ आपल्या मुंबईत आणि हैदराबादेतही होते. याआधी ‘बेब’ आणि ‘द गोल्डन कंपास’ या सिनेमांच्या कामाबद्दल तिच्या कलाकारांना ऑस्कर मिळालेलं होतं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे अडीचशे माणसांना घरी पाठवलं. आणि त्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं! सिनेमाने जगभरात एकूण साठ कोटी डॉलरपेक्षा जास्त धंदा केला.

त्या रात्री सभागृहाबाहेर शेकडो व्हीएफएक्स कलाकार फलक घेऊन उभे होते. आत बिल वेस्टनहोफर बक्षीस घ्यायला स्टेजवर गेले. बोलता बोलता त्यांनी कंपनीच्या आर्थिक अडचणीचा विषय काढला, तोवर ‘जॉज’ सिनेमाचं शार्क येतानाचं संगीत वाजायला लागलं आणि पुढे माइकच बंद झाला. वेळ संपली की संगीत वाजवायचं ही तिथली पद्धत आहे, हे खरं. पण घरी बसून पाहणाऱ्या कलाकारांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून हजारो जणांनी फेसबुकवर आपला फोटो काढून नुसता हिरवा चौकोन लावला. हिरवा का? तर शूटिंग होतं त्या हिरव्या पडद्याचा रंग तो. आमचं काम काढून घेतलं तर तुम्हाला एवढंच दिसेल, असा त्याचा अर्थ.

मार्चमध्ये लिलाव झाला आणि मुंबईतही स्टुडिओ असलेल्या प्राणा स्टुडिओजशी संबंधित कंपनीने ती विकत घेतली.

आता तुम्ही विचाराल, सिनेमा एवढा चालला, कामाला बक्षीस मिळालं, मग कंपनी बुडाली कशी?

३) उक्तं काम : गणिताने समजून घेऊ

आपल्याकडे घर बांधताना गवंड्याला काम दोन प्रकारे देतात. एक रोजावर, दुसरं उक्तं. उक्तं म्हणजे सगळ्या कामाचे मिळून ठरावीक पैसे. व्हीएफएक्सचं काम बहुतेक उक्तं असतं. निर्माता अनेक कंपन्यांकडून बोली मागवतो, कमी दराची कंपनी घेतो. मोठे निर्माते जगात मोजके आणि काम मागणाऱ्या कंपन्या ढीगभर. त्यामुळे दर खाली खाली येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहितो तसं कागदावर लिहून बघा.

एका कंपनीने १०० शॉट ५० लाखांना घेतले. मुदत ४ महिने. माणसं १०. एका माणसाचा महिन्याचा सगळा खर्च १ लाख धरू. १० माणसं × ४ महिने = ४० लाख. उरले १० लाख. ठीक आहे.

आता दिग्दर्शक म्हणतो, प्रसंग संध्याकाळचा नको, सकाळचा करा. ४० शॉट पुन्हा करायचे. त्याला एका माणसाचे १२ महिने लागतील एवढं काम वाढलं. खर्च झाला ५२ लाख, पैसे मात्र ५० लाखच. दोन लाखांचा तोटा. आणि सिनेमा लागायची तारीख तर जाहीर झालेली, ती हलत नाही.

हा बदल पहिल्याच दिवशी कळला असता तर ४० ऐवजी ५२ महिन्यांचं काम, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. आठ तासांचा दिवस १० तास २४ मिनिटांचा झाला असता. जड, पण निभावलं असतं. पण बदल असा लवकर कळत नाही. तो शेवटी येतो. समजा शेवटच्या महिन्यात आला. त्या महिन्यात १० माणसांचं आधीचं १० महिन्यांचं काम आणि वर हे १२. एकूण २२. म्हणजे रोजचे आठ तास गुणिले २.२. उत्तर किती? १७ तास ३६ मिनिटं.

मित्रांनो, हे उत्तर काढल्यावर मी खडू खाली ठेवला. कारण माझा तो जुना विद्यार्थी मला हेच सांगत होता, फक्त त्याने गणित केलेलं नव्हतं.

४) रात्री अकराचा फोन

तो एका मोठ्या शहरात रोटो आर्टिस्ट आहे. मी दुपारी मेसेज केला होता, त्याचा फोन रात्री अकराला आला. “मॅडम, सॉरी, आत्ताच खाली चहाला उतरलो. शनिवारी डिलिव्हरी आहे.” म्हटलं, “जेवलास का?” तर म्हणाला, “जेवू आता वर जाऊन. डबा आहे.”

त्याचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं. काम संपलं की पुढचं काम आलं तर पुढचे सहा महिने. या धंद्यात काम लाटेसारखं येतं. लाट आली की भरती, ओसरली की “उद्यापासून येऊ नका”. जादा तासांचे पैसे? “सुरुवातीला विचारलं होतं मॅडम. म्हणाले, तुला पॅशन नाही का? मग नाही विचारलं परत.”

शिकवताना आपण मुलांना सांगतो, आवडीचं काम करा म्हणजे काम वाटणार नाही. मीही सांगितलंय. पण आवडीचं असलं तरी ते कामच असतं हो. त्याला तास असतात, त्याचे पैसे असतात. आवड आहे म्हणून फुकट, हा हिशोब कुठल्या पाढ्यात बसत नाही.

त्याच्या मानेचं दुखणं सुरू झालंय. वय २४. पण एक गोष्ट मला लिहायलाच हवी. एका परदेशी सिनेमाच्या शेवटी नावांच्या लांबलचक यादीत त्याचं नाव आलं, तेव्हा त्याने थांबवून फोटो काढला आणि आईला पाठवला. आईने तो छापून भिंतीला लावलाय. त्या कामाचा त्याला अभिमान आहे. म्हणून तर तो टिकलाय, आणि म्हणूनच त्याला राबवून घेणं सोपं जातं.

५) काम गाव बदलतं, माणूस मागे धावतो

दुसरं कारण सरकारी सवलतींचं. कॅनडातले ब्रिटिश कोलंबिया आणि क्वेबेक हे प्रांत, तसंच ब्रिटन, अशा ठिकाणी चित्रपटाचं काम केलं तर खर्चाचा काही भाग करसवलतीतून परत मिळतो. मग लॉस एंजेलिसचं काम व्हँकुव्हर, मॉन्ट्रियल, लंडनला गेलं. माणसंही बिऱ्हाड उचलून मागे गेली. २०२४ मध्ये क्वेबेकने सवलतीला कात्री लावली आणि मॉन्ट्रियलमधलं काम आटलं. आपल्या ऊसतोड मजुरांचा पट्टा जसा कारखान्यामागे फिरतो, तसंच हे, फक्त विमानाने.

तिसरं कारण दुसऱ्याच्या भांडणाचं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी मे ते सप्टेंबर आणि नटांनी जुलै ते नोव्हेंबर संप केला. त्यांच्या मागण्या त्यांच्या जागी योग्य होत्या. पण शूटिंगच थांबलं, त्यामुळे काही महिन्यांनी व्हीएफएक्सकडे यायचं कामही थांबलं. संपात नसलेल्या आपल्या पोरांच्या नोकऱ्या त्यात गेल्या.

आणि मग फेब्रुवारी २०२५. टेक्निकलर ही पॅरिसची मोठी कंपनी कोसळली. एमपीसी आणि द मिल हे नावाजलेले स्टुडिओ तिचेच. भारतात बंगळूर आणि मुंबई मिळून तिची सुमारे तीन हजार माणसं होती. एका आठवड्यात त्यांचा आधार गेला. योगायोग बघा, ‘लाइफ ऑफ पाय’मधलं वादळ आणि जहाज बुडण्याचा प्रसंग एमपीसीने केला होता. म्हणजे एकाच सिनेमातला वाघ करणारे आणि वादळ करणारे, दोघंही बारा वर्षांच्या अंतराने बुडाले. दोघांच्याही कामात खोट नव्हती.

आता एआयचीही भर पडली आहे. रोटो, पेंट अशी एकसारखी कामं संगणकाला आपोआप करता यायला लागली आहेत. नवशिक्याची पहिली पायरीच ही कामं असतात. पहिली पायरी झिजली तर वर चढायचं कसं, हा प्रश्न आहे.

६) यावर कोणी काही करतं का?

करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओजच्या व्हीएफएक्स कामगारांनी संघटना हवी का यावर मतदान घेतलं, आणि मत देणाऱ्या सगळ्यांनी ‘हवी’ म्हटलं. सिनेमातले सुतार, प्रकाशयोजनावाले, वेशभूषावाले यांच्या संघटना अमेरिकेत कित्येक दशकं जुन्या. संगणकापुढे बसणारे मात्र एकटे पडले होते.

आपल्याला हा धडा परका वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सातही दिवस राबायचे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती मान्य व्हायला १८९० उजाडलं. त्या वर्षी १० जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सहा वर्षं लागली, पण मिळाली. आज माझा विद्यार्थी रविवारी कामावर जातो, तेव्हा मला लोखंडे आठवतात.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला कमाल ४८ तास काम आणि जादा कामाला दुप्पट दर असं लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं मागायला माणूस उभा राहावा लागतो, आणि एकटा माणूस घाबरतो.

७) माझ्या स्वतःच्या पिढीचं

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगते. आम्ही डीएड झालो तेव्हा गावोगाव डीएड कॉलेजं निघाली होती. “पोरीला डीएड करा, नोकरी पक्की” असं सगळे म्हणायचे. आईबापांनी जमिनीचा तुकडा विकून फी भरली. मी २०१० च्या सीईटीत लागले, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झाले. पण त्या सीईटीनंतर भरती कित्येक वर्षं थांबली. माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्यापेक्षा छान शिकवायची. ती आज कपड्याच्या दुकानात हिशोब लिहिते. तिच्यात काय कमी होतं? काही नाही. म्हणून ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो.

८) मग शिकायचं की नाही?

आठ दिवसांनी त्या माऊली आल्या, मुलालाही घेऊन आल्या. मी त्यांना “नको” म्हटलं नाही. काम खोटं नाही, मुलाचा हातही खोटा नाही. पण पैसे भरायच्या आधी एवढं करा म्हटलं :

• क्लासवाल्यांना विचारा, दोन वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेल्या चार जणांचे नंबर द्या. पहिल्या नोकरीचं नको, आज ते कुठे आहेत ते त्यांनाच विचारा.
• आधी सहा महिने घरी शिकून बघ. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवड टिकते का ते कळेल. कागदावर चित्र काढणं मात्र सोडू नकोस, तेच मूळ आहे.
• बारावीनंतरची पदवी सोडू नकोस. ती सोबत चालू ठेव.
• नोकरी मिळाली तर नेमणूकपत्र वाच. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, कामाचे तास किती, जादा तासांचे पैसे कसे, पीएफ कापतात का, काढताना किती दिवस आधी सांगणार. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही ठेवायला देऊ नकोस.
• रोज किती तास काम केलं ते वहीत लिही. जुनी सवय आहेच तुला वहीच्या मागच्या पानाची.
• रोटोवर अडकून राहू नकोस, पुढचं काम शिकत जा. आणि लाट चालू असताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक.

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, एवढं सगळं बघून कोण शिकतं?” मी म्हटलं, “बाळा, न बघता शिकलेले माझ्या वर्गात खूप होते.” माऊलींनी बचत गटाचं कर्ज सध्या थांबवलंय. मुलाने बी.ए.ला नाव घातलंय आणि मामाच्या जुन्या संगणकावर ब्लेंडर टाकलंय. मागच्या आठवड्यात त्याने मला एक उडणारा बैल पाठवला. शेपूट जरा अडखळते, पण बैल छान आहे.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात बदल शेवटच्या दोन महिन्यांच्या सुरुवातीला कळला, तर रोज किती तास काम करावं लागेल? (सूचना : दोन महिन्यांचं आधीचं काम २० आणि वाढीव १२.)
२. रोजावरचं काम आणि उक्तं काम यांत फरक कोणता? तुमच्या गावातली दोन-दोन उदाहरणं लिहा.
३. नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी पाच ओळी माहिती मिळवून लिहा.
४. पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा शेवटची नावं संपेपर्यंत उठू नका. व्हीएफएक्सची नावं मोजा. त्यात मराठी आडनावं किती सापडली ते घरी सांगा.

पालकांनो आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कोणी या कामात असेल तर त्याला एकदा फोन करा. जेवलास का, एवढं नक्की विचारा.

भेटू पुढच्या पाठात.